खाडीत सोडलेले एक्सल

आमच्या घरी भाजी म्हणजे कांदा आणि सणाची भाजी म्हणजे बटाटा. आण्णा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याकडून आले ते थेट कांदा-बटाट्याच्या मार्केटात हातगाडी ओढायला. मागोमाग त्यांचे धाकटे भाऊ आले, त्यांना मी नाना म्हणते. गाडी एक आणि माणसं दोन. आण्णा पुढे दांड्यात असायचे, नाना मागून रेटायचे. ट्रकमधून उतरलेल्या गोणी गाळ्यापर्यंत न्यायच्या, रिकाम्या गाडीनं परत यायचं, पुन्हा भरायची. कोपरखैरण्याच्या एका खोलीत आम्ही सगळे त्या गाडीवर जगत होतो.

मग एक दिवस भरल्या गाडीचा एक्सल मोडला. दोन्ही चाकं जिच्या टोकांना बसवलेली असतात ती आडवी लोखंडी कांब म्हणजे एक्सल. सगळा भार तिच्यावर. उजवं चाक आत वळून झोपलं, गाडी कलंडली आणि गोणींसकट आण्णांच्या पायावर आली. पाय वाचला, पण पुन्हा सरळ झाला नाही. त्यानंतर आण्णा दारातल्या खुर्चीवर बसून राहू लागले. आई मार्केटात कांदा निवडायला जाऊ लागली. नाना एकटेच गाडी ओढू लागले, पुढूनही आणि मागूनही. त्यांचं लग्न त्यापायी लांबलं ते लांबलंच. कुणाला दया यावी म्हणून मी हे सांगत नाही. तसं होतं, म्हणून सांगते.

शाळा सुटली की आईचं काम संपेपर्यंत मी मार्केटात थांबायचे. दुपार कलताना तिथे एक वेगळाच वेळ असायचा. ट्रक गेलेले असायचे, माणसं गोणींना टेकून पेंगत असायची. वरच्या पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या खाली यायच्या आणि त्यांत कांद्याची साल तरंगत राहायची, गुलाबी, पातळ, खाली पडायची घाईच नसल्यासारखी. मी नानांच्या रिकाम्या गाडीवर आडवी पडायचे. नाना गाडी धुवायला नळावर न्यायचे, मला न उठवता. फळीला कान लावला की खालून एक बारीक गुणगुण यायची. ती एक्सलची. अर्धवट झोपेत मला वाटायचं, खाली कुणीतरी आहे, ते आम्हाला उचलून चाललंय आणि स्वतःशीच काहीतरी म्हणतंय.

त्या गुणगुणीची मला भीतीही वाटायची. ती थांबली की काय होतं ते मी घरी दाराशी रोज बघत होते.

मार्केटात एक्सल मोडणं काही नवल नव्हतं. कुणाचा ना कुणाचा मोडतच असायचा. त्यावर दोन उपाय होते. पहिला, पुढची कांब आणखी जाड घ्यायची. दुसरा, नाल. दसऱ्याला सगळ्या गाड्या धुऊन पुजायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या, आणि ज्या गाडीला नवा एक्सल असेल तिच्या एक्सलला कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून घोड्याची नाल मारून घ्यायची. नालही साधी चालत नसे. झिजलेली, चाललेली पाहिजे. माथेरानच्या घोड्यांची मिळाली तर उत्तम, डोंगर चढलेल्या घोड्याचा गुण एक्सलला येतो म्हणत. ती लावायची उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला, एक्सलच्या पोटाला, म्हणजे नजरेला पडणार नाही. उजवीकडेच का, तर एक्सल बहुतेक उजवीकडेच मोडतात म्हणून.

आणि मोडलेला एक्सल जवळ ठेवायचा नाही. भंगारातही घालायचा नाही. त्यानं माणूस पाडलेला असतो किंवा पाडता पाडता सोडलेला असतो. तो खाडीत सोडायचा. आण्णांचा एक्सल नानांनी करावे गावाच्या जेट्टीवरून सोडला. तिथल्या एका कोळ्याशी त्यांची ओळख होती. नानांचा हात धरून मीही गेले होते. भरती होती. लोखंड बुडताना इतका कमी आवाज झाला की मला वाटलं, पाण्यानं ते हातात घेतलं.

आमच्या घराण्यात दहावीपुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी डिप्लोमाला गेले, मग डिग्रीला, मेकॅनिकल. गावाकडची आत्या म्हणाली होती, पोरीच्या जातीनं घासायचं ते लोखंड तव्याचं. आईनं तिला विचारलं, तुमच्या पोरांनी कुठलं घासलं? विषय तिथेच संपला. मी पास होत गेले. हे मी मान वर करून सांगते, कारण फीपासून डब्यापर्यंत सगळं नानांच्या खांद्यावरून आलं होतं आणि त्यातलं मी काही वाया घालवलं नाही.

डिग्रीच्या वर्गात एकदा सरांनी फळ्यावर एक कांब काढली. एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक, मध्ये काटकोनात पायरी. मग तिच्या आतून रेघा काढल्या. म्हणाले, भार असा वाहतो असं समजा, पाण्यासारखा. जाड भागात रेघा ऐसपैस होत्या, आणि त्या पायरीच्या कोपऱ्याशी येऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. जिथे वाट अचानक बदलते तिथे दाटी होते आणि लोखंड तिथेच फाटतं. मोडायला जाडी कमी पडते असं नाही, वळण चुकतं. मी वही मिटली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पुढे काय शिकवलं ते आठवत नाही. आमच्या गाड्यांचे सगळे एक्सल मधे चौकोनी आणि टोकांना गोल, आणि चौकोनाचा गोल होतो तिथे अशीच काटकोनी पायरी. आमची माणसं वर्षानुवर्षं कांब जाड करत होती आणि कोपरा तसाच ठेवत होती.

त्यानंतर बरेच दिवस मला सगळीकडे त्या रेघा दिसायच्या. जेट्टीच्या खांबाला वळसा घालणाऱ्या पाण्यात, पोळपाटावरून सरकणाऱ्या आईच्या मनगटात. झोपेतही गाडी चालायची, आणि फळीच्या आरपार मला एक्सलच्या आतलं दिसायचं, भार इकडून तिकडे शांतपणे वाहत जाताना.

नोकरी रबाळ्याला लागली, यंत्रांचे शाफ्ट बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात. शाफ्ट म्हणजे फिरणारे दांडे. पहिल्या पगाराच्या महिन्यात आईनं मला विचारलं, आता काय घ्यायचं मनात आहे? मी म्हटलं, स्टील. तिला वाटलं, मी भांडी म्हणतेय; मला पोलाद पाहिजे होतं.

नाना तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते आणि अजून गाडी ओढत होते. ओढू नका म्हटलं तर म्हणायचे, मग काय दादाशेजारी खुर्ची टाकू? आण्णांना ते दादा म्हणत. मला त्यांची गाडी थांबवता येत नव्हती. पण तिच्याखालचा एक्सल मला करता येत होता. नानांच्या अंगावर कधीच येणार नाही असा. मला एवढंच पाहिजे होतं, आणि दुसरं काही मी तेव्हा मागत नव्हते.

रोज जेवणाच्या सुट्टीत मी तो कागदावर आखला. तो चौकोनी नव्हता. मधे भरलेला आणि दोन्हीकडे हळूहळू निमुळता होत जाणारा, कोपरापासून मनगटाकडे हात जातो तसा. चाक बसतं तिथे पायरी होती, पण कोपरा नव्हता, तिथे सावकाश वळणारी गोलाई होती. मालकांनी शनिवारी दुपारनंतर लेथ, म्हणजे लोखंड फिरवत तासायचं यंत्र, वापरायला दिला. पांढरं दुधासारखं पाणी हत्यारावर पडत होतं, निळ्या किसाची लांब वेटोळी गळत होती, आणि माझ्या मनातला आकार लोखंडातून हळूहळू बाहेर येत होता. मी तो एमरीच्या खरखरीत कागदानं इतका घासला की त्यात खिडकी दिसायला लागली. वजनाला तो टोळीच्या एक्सलपेक्षा हलका होता. टोळी म्हणजे नानांबरोबर काम करणारी माणसं.

टोळीनं तो बघितला आणि हसून घेतलं. एक जण म्हणाला, लाटणं चांगलं आहे, पोळपाट कुठाय? नानांनी एक्सल खांद्यावर टाकला आणि मुकाट्यानं गाडीला बसवला. त्या संध्याकाळी घरी आल्यावर आण्णांना म्हणाले, गाडी माझ्या पुढं पळतीय. आण्णांनी मान हलवली. ते गाडीविषयी कधी बोलत नसत.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. एक्सल चालला. दसरा झाला, दिवाळी झाली. मी मनात म्हणायला लागले होते की झालं, आता नानांची काळजी मिटली. थंडी सुरू होताना एका सकाळी कारखान्यात आईचा फोन आला. एक्सल मोडला होता, उजवीकडे. नाना दांडे सोडून बाजूला उडी मारू शकले म्हणून नुसतं खरचटलं. गोणी फुटून कांदे गल्लीभर गेले.

मी मार्केटात पोचले तेव्हा कांदे वेचून झाले होते. टोळी माझ्याकडे पाठ करून फुटक्या गोणी शिवत होती. वेल्डर मात्र बोलला. म्हणाला, बाई, डिग्रीवर भार टाकून बघितला ना? नाना त्याच्याकडे वळून म्हणाले, तिचा पुढचा बी मीच बसवनार हाय, तुजं काय? पण मला बाजूला घेऊन म्हणाले की सध्या जुनी जाड कांबच टाकतो. त्यांनी मान वळवली तेव्हा मला कळलं की ते मला दुखवू नये म्हणून ‘सध्या’ म्हणतायत. जुनी कांब म्हणजे पुन्हा तीच वाट, आणि त्या वाटेच्या शेवटी आण्णांची खुर्ची. आणि आता तर माझ्याजवळही दुसरं काही उरलं नव्हतं. मी जे शिकले होते ते सगळं त्या एक्सलमध्ये घातलं होतं, आणि तो मोडला होता.

नानांनी दोन्ही तुकडे गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही करावेला गेलो. पूर्ण ओहोटी होती. खाडीनं आपला तळ उघडा टाकला होता, मैलभर मऊ करडा चिखल, आणि त्याच्या पार टोकाला रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ, पुसट, कुणी बोटानं ओढल्यासारखी. हवेत धुरकट ऊन होतं. सोडायला पाणीच नव्हतं. नाना म्हणाले, बसू, येईल. आम्ही जेट्टीच्या कठड्यावर बसलो आणि तुकडे दोघांच्या मधे राहिले.

विचार करा, इतकी वर्षं इतके एक्सल मोडले आणि कुणी एकही तोंडासमोर धरून बघितला नव्हता. मोडला की गोणपाट, आणि मग खाडी. मीही कदाचित बघितला नसता. पाणी तिथे असतं तर नानांनी सोडला असता आणि मी सोडू दिला असता, कारण मला त्याची लाज वाटत होती. पण पाणी यायचं होतं. मी गोणपाट उघडलं.

मोडलेलं तोंड दोन रंगांचं होतं. एका बाजूला खरखरीत, चकाकतं, ताजं. आणि खालून, पोटाकडून, एक काळपट गुळगुळीत भाग वर आला होता, आणि त्यावर बारीक वाकड्या रेषा, एकीच्या आत एक. जेट्टीखाली चिखलात शिंपले पडले होते. हुबेहूब तशा. शिंपल्याच्या रेषा जशा त्याच्या सांध्याशी गोळा होतात तशा याही एका जागी गोळा झाल्या होत्या. एक्सल एका दिवसात मोडला नव्हता. तो महिनाभर, दोन महिने, रोज थोडा थोडा उघडत गेला होता. मी बोट त्या रेषांवरून मागे मागे नेलं, आणि ते जिथे थांबलं तिथे नाल होती.

माझ्या एक्सलला नाल लावलीय हे मला माहीतच नव्हतं. दसऱ्याला मी कारखान्यातल्या पूजेत होते.

“हे कधी लावलंत, नाना?”

“दसऱ्याला. मग?” नाना म्हणाले. “तुज्या एक्सलला सगळ्यात आधी लावून घेतली. एवढा चकचकीत, लोकं वाकून वाकून बगत्यात. त्येला दिष्ट लागायची न्हाई व्हय?”

मी त्यांना हळूहळू सांगितलं. नालेचं काही नाही, पण ती चिकटवताना वेल्डिंगनं लोखंड एका ठिपक्याएवढ्या जागी तापतं आणि भर्रकन थंड होतं. तिथे ते काचेसारखं ठिसूळ होतं. मी आणलेलं पोलाद भारी होतं, आणि भारी पोलाद वेल्डिंगला साध्या लोखंडापेक्षा जास्त हळवं. त्यात एक्सलचं पोट म्हणजे भरल्या गाडीत सगळ्यात ताणली जाणारी जागा. तिथे एक बारीक चीर पडली की ती वाढत जाते. एक्सल उजवीकडे मोडतात म्हणून तुम्ही नाल उजवीकडे लावता, मी म्हटलं, आणि नाल उजवीकडे आहे म्हणून ते उजवीकडे मोडतात.

नाना ऐकत होते. त्यांनी तुकडा हातात घेतला, त्या रेषांवरून अंगठा फिरवला. मग नुसते चिखलाकडे बघत राहिले. पाणी यायला लागलं होतं, पण दिसत नव्हतं, चिखल फक्त ठिकठिकाणी चमकायला लागला होता.

“दादाच्या गाडीला बी व्हती,” ते म्हणाले. “मीच लावून आनली व्हती.”

“सगळ्यांच्याच गाडीला होती, नाना.”

आण्णांचा एक्सल समोरच कुठेतरी चिखलात होता आणि तो कशानं मोडला हे आता कुणी सांगू शकणार नव्हतं. कोपऱ्यानंही असेल. मी तसं म्हटलं. नानांनी मान हलवली, पण ती ऐकल्याची होती, पटल्याची नव्हती.

तुकडा खाली ठेवून ते म्हणाले, “पन बिननालेची गाडी म्या वडनार न्हाई. तू काय बी सांग. आनि टोळीतलं कोन बी वडनार न्हाई.”

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. त्या धुरकट उजेडात ते माझ्या शेजारी बसले होते, बाही वर सरकलेली, आणि त्यांच्या दंडाला आजीनं बांधलेला काळ्या दोऱ्यातला ताईत होता. मी तो लहानपणापासून बघत होते आणि मला तो त्यांच्या हाताचाच भाग वाटायचा.

“नाना, ताईत दंडाला बांधतात,” मी म्हटलं. “कातडीला शिवतं का कुणी?”

त्यांनी दंडाकडे बघितलं. मग माझ्याकडे. हसले नाहीत, पण चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं.

“बांधून चाललं म्हनतीस?”

“का नाही चालणार? देवाला वेल्डिंग लागतं होय?”

तेव्हा मात्र ते हसले. पाणी जेट्टीपर्यंत आलं होतं. एक तुकडा त्यांनी सोडला. शिंपल्यासारख्या रेषांचा, नाल असलेला तुकडा मी ठेवून घेतला. त्यांनी अडवलं नाही.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा लेथवर उभी राहिले. एक्सल तोच, तीच गोलाई, तोच हातासारखा निमुळता आकार. सोबत लोखंडाचं एक कडं केलं, दोन अर्ध्या भागांचं, बोल्टनं आवळायचं. नाल त्या कड्याला वेल्ड केली आणि कडं आतून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घालून एक्सलवर बांधलं. एक्सलच्या अंगाला ना आच लागली ना ओरखडा. कड्याचे बोल्ट आण्णांनी आवळले. मार्केट सोडल्यापासून ते पहिल्यांदाच गाडीजवळ आले होते, रिक्षानं. बोल्ट आवळून झाल्यावर त्यांनी एक्सलवर तळवा ठेवला आणि तो तसाच ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग आईला म्हणाले, चल, ऊन लागतंय. आई म्हणाली, सावलीत उभे आहात.

टोळीला मी मोडलेला तुकडा दाखवला. सुरुवातीला कुणी हात लावेना. नानांनी त्यांच्या हातात दिला तेव्हा तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला, अंगठे रेषांवरून फिरले, आणि ज्यानं लाटणं म्हटलं होतं त्यानं विचारलं, कडं वेगळं मिळेल का? मी म्हटलं, मिळेल, पण पोलाद हेच घ्यायचं आणि कोपरा ठेवायचा नाही. वेल्डर फुरंगटला. पुढे कडी त्यालाच करायला दिली, तेव्हा त्यालाही ती पटली.

त्यानंतरचे दसरे एकमेकांत मिसळून गेलेत. आठवतं ते असं की गाड्या धुतलेल्या आहेत, झेंडूचा वास आहे, आणि मी एकेका गाडीखाली वाकून कड्याचे बोल्ट तपासतेय. वरून कुणीतरी पाणी ओततंय आणि ते माझ्या मानेवर पडतंय. कारखान्यात माझ्या हाताखाली आता आखणी करणारी मुलं आहेत. घर खांदेश्वरला घेतलंय, लिफ्ट असलेल्या सोसायटीत, आण्णांच्या पायासाठी.

नानांनी साठीनंतर आपणहून गाडी दुसऱ्याला दिली. तोवर ते त्याच एक्सलवर चालले, आणि तो त्यांच्या अंगावर कधी आला नाही. त्या गल्लीतल्या सगळ्या हातगाड्यांखाली आज मी आखलेला एक्सल आहे. त्यांतला एकही अजून मोडलेला नाही.